मदत हवी आहे: 'पेन' आणि 'पेन'! इंग्रजी उच्चार देवनागरीत कसे लिहून द्यावेत?

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका गावात मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. नवा शब्द फळ्यावर लिहिला की त्याखाली देवनागरीत उच्चार लिहायचा, ही सवय मला माझ्या गुरुजींपासून लागली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. 2000 साली ते पहिलीपासून सुरू झालं, पण फळ्यावरची ही पद्धत तशीच राहिली. देवनागरीत जसं लिहिलंय तसं वाचायचं, मग चूक होईलच कशी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मागच्या आठवड्यात एक मुलगी धडा मोठ्याने वाचत होती. पाय दुखतोय अशा अर्थाचं वाक्य होतं. पी-ए-आय-एन हा शब्द तिने 'पेन' असा वाचला. मागच्या बाकावरून एकाने अगदी मनापासून विचारलं, "बाई, पायात पेन कसं घुसलं?" वर्ग हसला आणि ती पुढचं वाचेचना. चूक तिची नव्हती. लिहायच्या पेनचा आणि दुखण्याचा उच्चार तिच्या वहीत मीच सारखा लिहून दिला होता.

रात्री माझ्या जुन्या टाचणवह्या काढल्या. मिळवणे ते 'गेट', फाटक तेही 'गेट'. विकणे आणि जहाजाचं शीड, दोन्ही 'सेल'. ओला आणि थांबा, दोन्ही 'वेट'. बॅट आणि बॉलसाठी आपण ॲ आणि ऑ घेतले, म्हणून तिथे घोळ होत नाही. इथे मात्र 'ए' एकच.

दुसरी अडचण 'व'ची. व्ही आला की 'व्ह' आणि डब्ल्यू आला की 'व' असं मी लिहिते. मुलं तो 'ह' खरंच उच्चारतात, 'व्हॅन' म्हणताना जोराने हवा सोडतात. एकदोघं तर चक्क 'भॅन' म्हणतात.

शिवाय फोनवर ऐकवायला जावं तर एकच शब्द एकदा 'शेड्यूल' आणि एकदा 'स्केजूल' ऐकू येतो. परवा डी-ई-बी-टी हा शब्द 'डेट' असा ऐकवला, तर प्रश्न आला, "मग बी कशाला लिहायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलं विचारतात याचा मला आनंद आहे, म्हणूनच नीट उत्तर द्यायचंय.

देवनागरीत लिहून देणं बंद करू का? घरी सांगणारं कुणी नसलेल्या मुलांना तेवढाच आधार असतो.

प्रतिसाद – रानवाट

बाई, बंद करू नका. 'ए'साठी आपल्याकडे अवग्रह आहे की! 'आईऽऽ' अशी हाक मुलांनी गोष्टींत वाचलेली असते. लिहायचं ते 'पेन', दुखतं ते 'पेऽन'. तसंच गेट-गेऽट, सेल-सेऽल. फक्त तोंडी सांगा की लांबवलेला ए शेवटी किंचित इ कडे घसरतो. 'पेइन' असं लिहिलंत तर मुलं त्याचे दोन तुकडे करतील. ऱ्हस्व ए साठी ऎ असं चिन्हही देवनागरीत आहे, द्राविडी भाषांतले शब्द लिहिताना ते वापरतात. पण मुलांना ते नवंच शिकवावं लागेल, अवग्रह ओळखीचा आहे.

आणि सीमेलगत आहात तर वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं असतीलच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे, त्यांची अक्षरंही वेगळी. त्या मुलांना सात-आठ म्हणायला सांगा: 'एळु, एंटु'. सातातला ए लांब, आठातला आखूड. हा फरक त्यांच्या कानात आधीच बसलेला आहे.

प्रतिसाद – ध्वनिवेडा

'व्ह'मधल्या ह बद्दल तुमचं निरीक्षण अचूक आहे. इंग्रजी व्हीमध्ये ह नाहीच. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि घसा गुणगुणत ठेवून हवा घासत बाहेर सोडायची. डब्ल्यूला दातांचं काहीच काम नाही, ऊ म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि लगेच पुढच्या स्वरावर जायचं. 'ऊ-एट' भरभर म्हणा, ओल्याचा 'वेट' मिळेल. आपला मराठी व या दोन्हींच्या मधला आहे, त्यामुळे नुसतं ऐकून फरक सापडत नाही. एक छोटा आरसा वर्गात न्या. दात दिसले तर व्ही, चंबू दिसला तर डब्ल्यू. लिहायला 'व्ह' राहू द्या, आपली ती रूढ खूण आहे, पण ती दातांची खूण आहे असं सांगा.

डी-ई-बी-टीमधला बी इंग्रजी बोलण्यात कधी नव्हताच. शब्द आला फ्रेंचमधून, बी शिवायच. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवायला विद्वानांनी तो नंतर स्पेलिंगमध्ये घातला, बोलणाऱ्यांनी घेतला नाही. शंकेच्या 'डाउट'मधला बीही तसाच. बँकेच्या पासबुकातला 'डेबिट' त्याच लॅटिन शब्दातून आलेला आहे आणि त्यात मात्र बी ऐकू येतो. मुलांना पासबुकच दाखवा.

शेड्यूल ब्रिटिश, स्केजूल अमेरिकन. आपल्या पुस्तकांतली स्पेलिंगं ब्रिटिश वळणाची असतात, तेव्हा शिकवताना शेड्यूल धरा, पण दुसरा उच्चार चूक ठरवू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज आरसा नेला होता. आणि 'एळु, एंटु' म्हणायला उभी राहिली ती तीच मुलगी, तिच्या घरी कन्नडच बोलतात! पेन-पेऽन तिनेच सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, मी बाजूला उभी होते.

आता एकच राहिलं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर, पण फोटो काढणारा 'फटॉग्रफर' होतो आणि जोर 'टॉ'वर जातो. हा जोर फळ्यावर कसा दाखवता? मी तूर्त त्या अक्षराखाली रंगीत खडूने रेघ मारतेय. कुणी याहून सोपं काही वापरत असेल तर सांगा.