मदत हवी आहे: विज्ञानकथेच्या वाचकांशी वर्षभर संवाद कसा ठेवावा?

नमस्कार.

मी मुंबईत राहतो आणि मराठीत विज्ञानकथा लिहितो. माझ्या बहुतेक कथा दिवाळी अंकांतून प्रसिद्ध झाल्या आहेत. दिवाळी अंकांत लिहिणाऱ्यांना हा क्रम परिचयाचा असेल: कथेच्या शेवटी लेखकाचा भ्रमणध्वनी क्रमांक छापलेला असतो, तुळशीच्या लग्नापर्यंत अनोळखी वाचकांचे फोन येत राहतात, मोकळेपणाने बोलणे होते, आणि मार्गशीर्ष लागला की सारे थांबते. त्यानंतर वाचक भेटतो तो थेट पुढच्या दिवाळीत. मधला हा खंड भरून कसा काढावा, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मला कोणत्या प्रकारचा संवाद अपेक्षित आहे, हे एका कथेच्या उदाहरणाने सांगतो. ती कथा आणखी पन्नास-साठ वर्षांनंतरच्या वरळीत, पावसाचे पाणी समुद्रात उपसून टाकणाऱ्या उदंचन केंद्रात, एका रात्रपाळीत घडते. मुंबईतील अनेक पर्जन्यवाहिन्यांची मुखे भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, त्यामुळे मोठ्या भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की पाणी आपोआप समुद्रात जाऊ शकत नाही आणि ते पंपांनी बाहेर टाकावे लागते. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते, म्हणजे एका पाळीत तिची एक वेळ बहुधा सापडतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा पाऊस उधाणाच्या रात्री, आजच्याहून वर आलेल्या समुद्राच्या काठी पडला तर काय होईल, ही त्या कथेची कल्पना होती.

या कथेवर आलेल्या दोन फोनांनी माझा पुढचा मार्ग ठरवला. पर्जन्यवाहिन्यांच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ अर्धा तास फक्त पंपांच्या आधी बसवलेल्या जाळ्यांविषयी बोलले. प्लास्टिक, फांद्या आणि थर्माकोल तिथे अडकतात, आणि पाऊस वाढला की माणसांची पहिली धाव पंपांकडे नव्हे, त्या जाळ्यांकडे असते, असे त्यांनी सांगितले. दुसरा फोन डोंबिवलीच्या एका महाविद्यालयीन मुलीचा होता. तिने भरती, पाऊस, पंप यांतले काहीच विचारले नाही. “त्या ऑपरेटर बाईंची मुलगी त्या रात्री घरी एकटी होती का?” एवढाच तिचा प्रश्न होता, आणि माझी पुढची कथा त्या प्रश्नातून सुरू झाली. विज्ञानकथेला हे दोन्ही वाचक हवेत, आणि माझ्या मते कथा छापून झाल्यावर नव्हे, तर ती लिहिली जात असतानाच हवेत.

यात पहिली अडचण नियमांची आहे. दिवाळी अंकांचे संपादक आणि कथास्पर्धांचे आयोजक पूर्वी कोठेही प्रसिद्ध न झालेले साहित्य मागतात, आणि ते रास्तच आहे. मात्र कथेचे काही भाग आधी सर्वांसमोर ठेवले तर ती कथा प्रसिद्ध झाली असे मानले जाते का? वीस-पंचवीस वाचकांना मसुदा खासगीरीत्या ईमेलने पाठवला तर चालते का? ज्यांनी संपादनाचे काम केले आहे, त्यांनी प्रत्यक्ष व्यवहारात काय चालते ते कृपया लिहावे.

दुसरा प्रश्न कथेमागच्या विज्ञानाचा आहे. भरतीचे गणित किंवा वाहिन्यांची रचना यांवर स्वतंत्र टिपण लिहून ते कथेआधी द्यावे, कथेनंतर द्यावे, की कथेपासून अगदी दूर ठेवावे? माझा कल कथेनंतर देण्याकडे आहे, कारण आधी दिलेले टिपण वाचकाला अभ्यासाला बसवते. तरीही येथील वाचकांची सवय आणि आवड जाणून घ्यायला मला आवडेल.

आणखी एक विचार मनात आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव बाजूला ठेवून कथा वाचली जावी, ही अपेक्षा मला फार मोलाची वाटते. म्हणून मसुदा वाचणाऱ्या गटात माझ्या परिचयाचे लोक शक्यतो नसावेत, अशी इच्छा आहे. मित्र कौतुक करतात. ते हवेच असते, पण त्याने कथा सुधारत नाही. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटायचे झाल्यास दादर किंवा शीव सोयीचे पडेल, कारण मध्य आणि हार्बर मार्गांवरच्या वाचकांनाही तिथे येता येते. असा वाचनगट कोणी चालवला असेल, तर तो किती काळ टिकला आणि कशामुळे टिकला, हे सविस्तर सांगावे.

बहुतेक दिवाळी अंकांचे साहित्य पावसाळ्यातच मागवले जाते, त्यामुळे नव्या कथेचा मसुदा मला त्याआधी वाचकांच्या हाती द्यायचा आहे. ही कथा ठाण्याच्या खाडीतल्या खारफुटीवर आहे. खाडीकाठी राहणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कोणाला ती वाचायची तयारी असेल, तर येथे तसे कळवावे. मी व्यक्तिगत निरोपातून संपर्क करीन.