मदत हवी आहे: १०२ मिमी दुर्बिणीसाठी कोणता मिरर डायगोनल घ्यावा?

केळीपट्टा
मंडळी, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला. माझ्याकडे १०२ मिमीची अपवर्तक दुर्बीण आहे, नाभीय अंतर ६६० मिमी, म्हणजे एफ/६.५ (नाभीय अंतर भागिले व्यास). फोकसर (आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, मागेपुढे सरकवणारा भाग) २ इंची आहे, पण सोबत आलेला डायगोनल (प्रकाश वळवून आयपीस सोयीच्या कोनात आणणारा भाग) सव्वा इंची, ४५ अंशांचा, सुलटी प्रतिमा देणारा प्रिझमवाला. हतनूर धरणावर पाणपक्षी बघायला तो झकास आहे, तक्रार नाही. रात्री मात्र वैताग. आपण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे कृत्तिका काय किंवा जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला (सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) मिथुनेत असलेला गुरू काय, सगळी बघण्यासारखी मंडळी थेट डोक्यावर येतात. मग गच्चीवर गुडघे टेकून मान मागे टाकायची. शिवाय ६ मिमीचा आयपीस लावला की गुरूच्या आरपार उजेडाची एक बारीक रेघ दिसते, ती वेगळीच.

तर ९० अंशांचा आरशाचा डायगोनल घ्यायचा हे ठरलंय. अडलंय पुढे. सव्वा इंची घेऊ की २ इंची? साधं ॲल्युमिनियम कोटिंग पुरेल की '९९ टक्के परावर्तन' म्हणतात ते डायइलेक्ट्रिकच घ्यावं? आणि २ इंची लावल्यावर फोकसच आला नाही तर? कॅमेरा लावायचा नाही, फक्त डोळ्यांनी बघायचं. बहुतेक वेळा गच्चीवरून चंद्र आणि ग्रह, आणि हिवाळ्यात जमलं तर तोरणमाळ.

तापीकाठ
केळीपट्टा भाऊ, पहिले ती रेघ कशाची ते बघा. गुरू नजरेत ठेवून डायगोनल फोकसरमध्ये थोडा फिरवा. रेघ सोबत फिरली तर दोष प्रिझमचा: सुलटी प्रतिमा देणाऱ्या प्रिझममध्ये दोन पृष्ठभाग छपरासारखे एका धारेवर मिळतात, आणि तेजस्वी वस्तू जास्त पटीत बघितली की त्या धारेची रेघ उमटते. डायगोनल तसाच ठेवून तुम्ही मान तिरपी केली आणि रेघ मानेबरोबर वळली, तर मात्र डायगोनल बदलून उपयोग नाही. तो तुमच्या डोळ्याचा ॲस्टिग्मॅटिझम, चष्म्याचा नंबर तपासा.

९९ टक्क्यांचं फार मनावर घेऊ नका. साधं ॲल्युमिनियम ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत देतं. ९० आणि ९९ मधला फरक प्रतीच्या (ताऱ्यांचं तेज मोजायच्या मापाच्या) हिशेबात जेमतेम ०.१ भरतो. गुरू-शनीवर तो कळणारही नाही. डायइलेक्ट्रिकचा खरा फायदा टिकाऊपणात आहे. कमी-जास्त अपवर्तनांकाच्या (प्रकाश कमी-जास्त वाकवणाऱ्या) पातळ थरांची चळत असते ती, ॲल्युमिनियमपेक्षा कडक. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ बघता मी त्यासाठीच दोन पैसे जास्त मोजेन. तरी आरसा पुसत बसायचं नाही. रबरी फुग्याने हवा मारायची आणि काम झालं की झाकण लावायचं. आरशावरचे दोन-चार कण दिसत नाहीत, ते फोकसच्या बाहेर असतात.

पैसे मोजण्यासारखी गोष्ट एकच: आरसा नेमका ४५ अंशांत बसलाय का. जाहिरातीत आरशाचा सपाटपणा एक दशांश तरंगलांबी वगैरे छापतात, पण एका ताऱ्याचा प्रकाश फोकसजवळ आलेला असल्यामुळे आरशाचा लहानसा भागच वापरतो, तिथे चांगला आणि अतिचांगला यात डोळ्याला फरक पडत नाही. कोन चुकला की मात्र पडतो. घेतल्याबरोबर चंद्रावरचं एखादं विवर मधोमध आणा आणि डायगोनल हळूहळू पूर्ण फिरवा. विवर बरंच लांब भटकलं तर माल परत करा, भो.

धुळ्याचा_ध्रुव
२ इंचीच घ्या. सव्वा इंची आयपीसचं फील्ड स्टॉप (दृश्याची कड ठरवणारं आतलं कडं) फार तर २७ मिमी, म्हणजे तुमच्या ६६० मिमीवर जास्तीत जास्त २.३ अंश. २ इंचीत ४६ मिमी, म्हणजे जवळपास ४ अंश. कृत्तिका सव्वा इंचीतही मावतील, पण भोवती काळं आकाश फारसं उरणार नाही, आणि ते नसेल तर पुंजका पुंजक्यासारखा दिसत नाही. देवयानी दीर्घिका तर ३ अंशांची. तोरणमाळला जाऊन तिचा नुसता गाभा बघून परत येणार का?

तापीकाठ
भाऊ, त्यासाठी २ इंची आयपीसही लागतो हे सांगायचं राहिलं ना. शिवाय दोन्हींचं वजन फोकसरवर. फोकसर प्लॅस्टिकचा असेल तर तो वाकेल आणि गच्चीवरच्या ग्रहांचाही विचका होईल.

सातमाळा
माझी १२७ मिमीची मॅकसुटोव (भिंग आणि आरसे दोन्ही असलेली दुर्बीण) आहे, एफ/१२ च्या जवळपासची. त्यावर मी ९० अंशांचा साधा प्रिझम वापरतो, छप्पर नसलेला. प्रतिमा आरशाइतकीच स्वच्छ. पण तुमच्या एफ/६.५ वर प्रकाशाचा शंकू जास्त उघडा आहे, काच आपले रंग मिसळायला लागते. आरसाच बरा.

एक लक्षात ठेवा, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. नकाशाशी जुळवताना गोंधळ होतो. स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आडवं उलटवून घ्या.

फोकसचं आधी मोजता येतं. डायगोनल आणि सव्वा इंचीचा अडॅप्टर दोन्ही काढा, ड्रॉट्यूब (फोकसरची आतबाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत घाला. चंद्राकडे रोखून फोकसरच्या तोंडामागे बटर पेपर धरा आणि प्रतिमा कुठे टोकदार होते ते अंतर पट्टीने मोजा. २ इंची डायगोनल त्यातले १००-११५ मिमी खातो, सव्वा इंचीचा ७०-७५. वर थोडं उरायला हवं, नाहीतर आयपीस बदलला की फोकस हुकेल. पट्टीने मोजलेलं अंतर विक्रेत्याच्या पानावर डायगोनलसाठी छापलेल्या अंतराशी ताडून मगच ऑर्डर द्या.

केळीपट्टा
सगळ्यांचे आभार. डायगोनल फिरवून बघितला, रेघ सोबतच फिरली. म्हणजे डोळे शाबूत. बटर पेपरवर १४० मिमी भरलं, तर २ इंची बसेल असं दिसतंय. फोकसर धातूचा आहे, पण स्क्रू घट्ट केल्यावरही ड्रॉट्यूब किंचित डुलते. तापीकाठ, वजनाचं तुमचं म्हणणं त्यामुळे डोक्यातून जात नाही. भुसावळ-जळगावकडे कुणाकडे २ इंची डायगोनल आणि जड आयपीस असेल तर एक रात्र लावून बघायला मिळेल का? दुर्बीण घेऊन मी येतो. डुललं तर सव्वा इंची डायइलेक्ट्रिक घेऊन मोकळा होईन. प्रिझमवाला हतनूरसाठी ठेवतोच.