शब्दचर्चा : काइजू, सोंग आणि गोजिरा

अनुस्वार :
जपानी राक्षसपटांवर एक लेख लिहायला घेतलाय आणि दोन ठिकाणी अडलेय. पहिलं म्हणजे 'काइजू'. गॉडझिला, महाकाय कासव गामेरा या मंडळींना जपानीत हा शब्द आहे. 'काइ' म्हणजे विलक्षण, अनाकलनीय आणि 'जू' म्हणजे पशू. मराठीत राक्षस म्हणू, महाकाय प्राणी म्हणू, की काइजूच ठेवू?

दुसरी अडचण मोठी. १९६५ ते १९७५ या काळातले स्वस्तातले काइजूपट बघताना जे वाटतं, त्याला शब्द सापडत नाही. इमारती पुठ्ठ्याच्या आहेत हे कळतं, उडणाऱ्या प्राण्याच्या तारा दिसतात, कथेला बूड नसतं, तरी बंद करवत नाही. 'टुकार' लिहिलं तर अर्धंच खरं आणि 'अजरामर' लिहिलं तर लोक हसतील.

डबलडेकर :
राक्षस नकोच. आपल्या राक्षसाला कुळ असतं, राजधानी असते, तप करून पदरात पाडून घेतलेला वर असतो. शिवाय तो बोलतो, आणि भरपूर बोलतो. काइजू समुद्रातून येतो, शहर तुडवतो, निघून जातो. त्याला कुणाची बायको पळवायची नसते. भुताखेतांच्या गोष्टींना जपानीत 'काइदान' म्हणतात, त्यातलं 'काइ' आणि हे 'काइ' एकच. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पहिला गोजिरा, म्हणजे आपला गॉडझिला, पडद्यावर आला. त्याची सुरुवातही समुद्रात बोट नाहीशी होण्यानंच होते. अर्थानं जवळचा शब्द 'अरिष्ट', पण अरिष्टाला शेपूट नसते. काइजूच ठेवा.

पानसुपारी :
ठेवा, पण 'काइज्यू' असं लिहा. 'काइजू' लिहिलं की मराठी माणूस बैलाच्या मानेवरचं जू वाचणार. जपानी उच्चार 'ज्युनियर'मधल्या ज्यूचा आहे.

खुद्द गोजिराला मात्र ही अडचण नाही. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, दोन्ही जोडून झाला 'गोजिरा', आणि त्यातला जि आपण आपोआप बरोबर उच्चारतो. म्हणजे अख्खं टोकियो बेचिराख करणाऱ्या धुडाला मराठीत फक्त बाळाला शोभेल असं नाव मिळालंय! निव्वळ योगायोग, पण पुढचे सिनेमे पाहिलेत तर नाव अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. १९६५ च्या चित्रपटात शत्रूला पळवून लावल्यावर गोजिरा परग्रहावर चक्क नाचतो. ती पोझ तेव्हा गाजत असलेल्या एका विनोदी चित्रकथेतली, जपानी पोरं हसून लोळली असणार.

बाकी नावांचा कारखानाही बघण्यासारखा आहे. 'एबी' म्हणजे कोळंबी, तिचा झाला एबिरा. 'हेदोरो' म्हणजे कारखान्यांच्या सांडपाण्याचा गाळ, त्याचा १९७१ मध्ये हेदोरा. शेवटी 'रा' लावा, काइज्यू तयार.

कडूकारलं :
टुकार हाच शब्द बरोबर आहे, उगाच गोंजारू नका. १९६९ च्या गोजिरापटातल्या मारामाऱ्या आधीच्या दोन चित्रपटांतून उचलल्यात. गामेराच्या १९६८ च्या चित्रपटात जुन्या रिळांचे लांबच लांब तुकडे आहेत, आणि १९८० चा तर जवळजवळ सगळाच शिळ्या कढीला ऊत. सुट्टीत पोरं येतातच, त्यांना काय कळतंय, असा सरळ हिशेब. याला भाबडेपणा म्हणत नाहीत, धंदा म्हणतात.

डबलडेकर :
धंदा होताच, पण कशामुळे तेही बघा. १९५८ मध्ये जपानमध्ये सिनेमाची ११२ कोटींहून जास्त तिकिटं खपली होती. सत्तरीच्या सुरुवातीला आकडा २० कोटींच्या आसपास आला. प्रेक्षक घरात टीव्हीसमोर, आणि टीव्हीवर १९६६ पासून अल्ट्रामॅन हा मालिकेतला नायक दर आठवड्याला नवा काइजू लोळवतोय, तोही फुकट. गामेरा काढणारी दाइएइ कंपनी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि 'स्वस्त' हे विशेषण सरसकट लावू नका. १९५४ चा गोजिरा त्या काळच्या जपानी मानानं महागडा चित्रपट होता.

खाडीकाठ :
अनुस्वारताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : सोंग.

आमच्याकडे शिमग्यात संकासूर येतो. काळा झगा, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरू. आत कोण आहे ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी अंगावर धावला की पोरं किंचाळत पळतात आणि दोन मिनिटांत पुन्हा त्याच्याच मागे. इथे भीती खरी की खोटी, हे विचारण्यात अर्थ नाही.

गोजिराचं सोंग १९५४ ते १९७२ हारुओ नाकाजिमा यांनी वठवलं. पहिला पोशाख शंभर किलोच्या घरातला, त्यात धड चालता येईना. जड जनावर पाऊल कसं टाकतं ते बघायला ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलांसमोर उभे राहायचे. खोटं शहर खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढं. कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगानं फिरवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते आणि अंगाला वजन येतं. या सगळ्या विद्येला जपानीत 'तोकुसात्सु' म्हणतात, म्हणजे 'विशेष चित्रण'चं लघुरूप. फाळक्यांच्या काळापासून आपण त्याला 'ट्रिकसीन' म्हणत आलो.

पैसे आटले तेव्हा कात्री शहरावर आणि कथेवर चालली. पोशाखातला माणूस तेवढाच घामाघूम होत राहिला. १९६९ मध्ये गामेरा आडव्या दांड्याला लटकून गिरक्या घेतो, १९७३ मध्ये गोजिरा शेपटीवर घसरत येऊन दोन्ही पायांनी लाथ घालतो. दृश्यं मूर्खपणाची आहेत, मान्य, पण कुणीतरी ती अंगमेहनतीनं केलीत आणि ती मेहनत दिसते. म्हणून बंद करवत नाही.

कडूकारलं :
संकासूर पटला. पण संकासूर गेल्या वर्षीचा नाच रिळावरून दाखवत नाही. जुने तुकडे डकवलेल्या चित्रपटांना टुकारच म्हणणार.

खाडीकाठ :
म्हणा. तिथे सोंगाचाच खाडा झालाय, मी कुठे नाही म्हणतोय?

दूरदर्शी :
आमच्या पिढीला हे सगळं 'जायंट रोबोट'मुळे आधीच ठाऊक होतं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायचा, मालिका मूळची १९६७-६८ ची. मुलगा मनगटातल्या घड्याळात बोलून रोबोटला बोलावतो आणि समोर रबरी अक्राळविक्राळ काहीतरी उभं. तेव्हा मला काडीचंही खोटं वाटलं नव्हतं. आता नातवाला दाखवलं तर तो पहिल्या मिनिटाला म्हणाला, 'आबा, आत माणूस आहे.' आणि शेवटपर्यंत बघत बसला.

पानसुपारी :
एक पुरवणी. २०२३ च्या गोजिरापटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, तोही हॉलिवूडच्या मानानं चिल्लर खर्चात झालेला. पण त्यात पोशाख नाही, सगळं संगणकावर. बघताना पोटात गोळा येतो, हसू अजिबात येत नाही. तेव्हा अनुस्वार, लेखात 'कमी खर्चाची गंमत' असं लिहू नका. खर्च कमी असून ती गंमत नसू शकते.

अनुस्वार :
सगळ्यांचे आभार. 'सोंग' घेतेय, आणि डकवलेल्या चित्रपटांपुरतं 'टुकार'ही. आता संपादकांचा नवा प्रश्न आलाय : काइज्यू तो की ते? राक्षस 'तो' आणि जनावर 'ते', मग हा कुठे बसवायचा?

डबलडेकर :
जपानीत नामाला लिंगच नसतं, त्यामुळे तिकडून मदत नाही. मी जातीचं नाव म्हणून 'ते काइज्यू' लिहीन, अनेकवचनीही तसंच : तीन काइज्यू आली. विशेषनाम आलं की मात्र तो गोजिरा, तो गामेरा. मोसुरा हा पतंग सगळे मादीच समजतात, म्हणून ती मोसुरा.

पानसुपारी :
आणि अल्ट्रामॅन 'तो'च. फक्त त्याला काइज्यू म्हणू नका, तो त्यांना बडवणारा आहे.