मदत हवी आहे: मस्टँगचं ब्रेक ऑइल घरीच बदलायचंय
नमस्कार मंडळी. मुलुंडला राहतो, गाडी २०१७ ची मस्टँग जीटी. इंजिन ऑइल मागच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदललं. साडेसात लिटरच्या वर लागतं, त्यामुळे तसराळं मोठंच घ्या. गाडी इतकी खाली की साधा जॅक शिरेना. पुढची चाकं आधी फळ्यांवर चढवली, मग जमलं.

आता ब्रेक ऑइल. डब्यातलं अगदी काळ्या चहासारखं झालंय. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या पावसाळ्यात हवा कशी असते ते सांगायला नको. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. घाटात ऑइल उकळून ब्रेक दगा देतील याची मला खरंच भीती वाटते.

अडचण अशी: सगळे व्हिडिओ डाव्या स्टिअरिंगचे. ते ब्रेकच्या नळ्यांतली हवा मागच्या उजव्या चाकापासून काढायला लागतात, कारण ते चाक मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) सर्वात लांब. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, मग मागच्या डाव्यापासून सुरुवात करू का? एबीएससाठी (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतोच का? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा. आणि जुनं ऑइल तुम्ही कुठे देता? गटारात ओतणार नाही.