पूर ओसरला, घरात गुडघाभर गाळ आहे, सुरुवात कुठून करू?

पाणी उतरलंय पण सगळीकडे चिखल आणि वास, गल्लीतले सगळेच हबकलेत, आधी काय करायचं कुणी नीट सांगेल का? मेन स्विच चालू केला तर चालेल का?

उत्तर १:
स्विचला अजिबात हात लावू नका! बोर्ड, मीटरमध्ये पाणी गेलं असेल तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय लाईट चालू करायची नाही. आणि काहीही उचलण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली पाहिजे, भरपाईला तेच लागतं.

उत्तर २:
गाळ ओला असतानाच फावड्याने ओढा, वाळला की दगड होतो. गाद्या, उशा वाचवायच्या भानगडीत पडू नका प्लीज, त्यात गटाराचं पाणी मुरलेलं असतं, आणि बुरशी २४ ते ४८ तासांत धरते म्हणून दारं खिडक्या सताड उघड्या ठेवा. ब्लीचिंग पावडर सगळं धुऊन झाल्यावरच, चिखलावर टाकलेलं वाया जातं. ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो.

उत्तर ३:
गमबूट, ग्लोव्हज घाला, पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा तापाचा आजार) खरा धोका आहे. नंतर ताप, पोटऱ्या दुखल्या तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगा. गल्लीतली म्हातारी माणसं एकटी असतील तर त्यांचं घर आधी घ्या, पाचसहा जणांनी मिळून केलं की पटापट होतं.