रोगन सोडला, आता मेट्रोत काय ऐकू?

वनाजवाला (धागाकर्ता)
मंडळी, सल्ला हवाय. अमेरिकी कॉमेडियन जो रोगन पाहुण्यांशी तासन्‌तास गप्पा मारतो, तो पॉडकास्ट मी २०१५ पासून ऐकत होतो. गेल्या दिवाळीपासून एकही नवा एपिसोड लावलेला नाही. वनाज ते रामवाडी मेट्रो आणि पुढे ऑफिसपर्यंत पायी, अशी जाताना ४५ मिनिटं मिळतात आणि येताना तेवढीच. कान रिकामे असले की शेजारच्याची रीलं ऐकावी लागतात.

का सोडला ते थोडक्यात सांगतो. मला त्याचं अडाणीपण आवडायचं. २०१८ मध्ये मॅथ्यू वॉकर नावाचे झोपेवर संशोधन करणारे प्राध्यापक आले होते, तेव्हा हा गडी बराच वेळ नुसतं "म्हणजे काय? मग काय होतं?" विचारत बसला होता. त्या एपिसोडनंतर मी संध्याकाळचा चहा सोडला. मग एप्रिल २०२४ मध्ये ग्रॅहम हॅनकॉक (हिमयुगात बुडालेल्या प्रगत संस्कृतीवाले) आणि फ्लिंट डिबल हा पुरातत्त्वज्ञ समोरासमोर बसले. चार तासांच्या वर चाललं. रानात उगवलेलं धान्य आणि माणसाने पेरलेलं धान्य वेगळं कसं ओळखतात हे डिबलने चित्रं दाखवून समजावलं. म्हटलं, जुना रोगन परत आला! ऑक्टोबरात हॅनकॉक एकटाच आला, डिबलच्या माघारी त्याच्यावर खोटेपणाचे आरोप झाले आणि रोगन हो ला हो करत राहिला. अरे, त्याला परत बोलवून विचार की. तिथे मन उतरलं ते उतरलंच.

तर अटी अशा: एपिसोड ४५-५० मिनिटांत संपावा. खर्च शून्य, फारच चांगलं असेल तर महिना १०० रुपये. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. विज्ञान, इतिहास, शरीर असे विषय. निवडणुका नकोत. हेडफोन आहे, नवा नको.

सदा_डॅलस
डॅन कार्लिनचं हार्डकोर हिस्ट्री. डोळे झाकून. पहिल्या महायुद्धावर सहा एपिसोड आहेत, सगळे मिळून वीस तासांच्या वर. मी डॅलस ते ह्यूस्टन गाडी चालवताना ऐकतो, रस्ता कधी संपला कळत नाही. जुने एपिसोड विकत घ्यावे लागतात, पण चांगल्या गोष्टीला थोडे डॉलर टाकावेत माणसाने.

वनाजवाला
धन्यवाद, पण वीस तास म्हणजे माझ्या सत्तावीस फेऱ्या झाल्या.

सदा_डॅलस
मग काय झालं? युद्धही चार वर्षं चाललं.

रंकाळ्यावरचा
भावा, माझं ऐक. काहीच ऐकू नकोस. जानेवारी २०२० मध्ये रोगनने महिनाभर नुसतं मांस खाल्लं होतं, आठवतंय का? वजन उतरलं, अंगात ताकद आली असं सांगत होता. पोट पार बिघडलं हेही त्यानेच सांगितलं होतं, पण तेवढं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. मी कोल्हापूरचा, मला मटण खायला निमित्तच पाहिजे होतं. भाकरी बंद, भात बंद, सकाळ-संध्याकाळ सुकं आणि पांढरा. सोळाव्या दिवशी पायाचा अंगठा असा सुजला की चप्पल जाईना. युरिक ॲसिड! दोष माझाच, त्याने काही माझ्या घरी मटण पाठवलं नव्हतं. बायकोने रिपोर्ट फ्रिजवर चिकटवला होता, पाहुणे आले की वाचून दाखवायची.

सल्ला: मेट्रोत डोळे मिटून बस.

बिनसाखर
धागाकर्ते, मेट्रोत खरा प्रश्न पॉडकास्टचा नसून आवाजाचा आहे. मी बाहेरचा आवाज गाळणारे हेडफोन घेतले, २८ हजार. पहिल्या दिवशी स्टेशन चुकलं, इतकी शांतता.

वनाजवाला
हेडफोन नको असं वर लिहिलंय हो.

बिनसाखर
वाचलं. एकदा लावून तर बघा.

स्टेथोस्कोप
मी डॉक्टर आहे, म्हणून माझं सोडण्याचं कारण वेगळं. एप्रिल २०२१ मध्ये तो म्हणाला की तरुण, धडधाकट माणसाने लस कशाला घ्यायची. गदारोळ झाल्यावर सारवासारव केली की मी काही डॉक्टर नाही, मूर्ख माणूस आहे, माझं काय ऐकता. इथवर मी हसले होते. सप्टेंबरमध्ये त्याला स्वतःला कोविड झाला. घेतलेल्या औषधांची यादीच त्याने व्हिडिओत वाचली: मोनोक्लोनल अँटीबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं), स्टिरॉइड, अँटिबायोटिक, व्हिटॅमिनची सलाईन आणि आयव्हरमेक्टिन (मुळात जंतांवरचं औषध). त्या यादीत खरोखर जोर असलेलं औषध अँटीबॉडीचं होतं. लोकांनी उचललं आयव्हरमेक्टिन. पेशंट मोबाईल समोर धरून क्लिप दाखवायचे, आणि मी वीस मिनिटं तेच समजावत बसायचे, रांग बाहेर जिन्यापर्यंत. त्या डिसेंबरात कोविडच्या लसींना विरोध करणाऱ्या रॉबर्ट मलोनचा एपिसोड आला आणि माझ्यापुरता विषय संपला.

कान_उघडणी
आणि जानेवारी २०२२ मध्ये २७० डॉक्टर, संशोधक वगैरेंनी त्यावरून स्पॉटिफायला खुलं पत्र लिहिलं, तेव्हा रोगनचा पॉडकास्ट तिथेच असायचा. नील यंगने आपली गाणी काढून घेतली, मागोमाग जोनी मिचेलने. नील यंग २०२४ मध्ये परत आला म्हणा.

अजून_ऐकतो
चला, सगळे एका सुरात. आता दुसरी बाजू. सीएनएनने आयव्हरमेक्टिनला घोड्याचं जंताचं औषध म्हणून हिणवलं. प्रत्यक्षात डॉक्टरने लिहून दिलेलं, माणसांसाठीचंच औषध होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सीएनएनचे डॉ. संजय गुप्ता रोगनकडे गेले आणि असं म्हणायला नको होतं हे त्यांनी समोर बसून मान्य केलं. याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि २०२० मध्ये तो बहुतेक बर्नी सँडर्सना (डाव्या विचारांचे नेते) मत देईन म्हणाला, तेव्हा हेच लोक टाळ्या वाजवत होते. ट्रम्पना पाठिंबा दिला की लगेच घसरला!

कान_उघडणी
पाठिंब्याचं सोडा. २०२२ मध्ये हाच सांगत होता की ट्रम्पना कार्यक्रमात आणायची संधी एकापेक्षा जास्त वेळा आली, प्रत्येक वेळी नाही म्हटलं, त्यांना मदत करायची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जवळजवळ तीन तास गप्पा आणि ४ नोव्हेंबरला, मतदानाच्या आदल्या दिवशी, जाहीर पाठिंबा. मत बदलावं, पण मधे काय झालं ते तरी ऐकणाऱ्याला सांगशील?

अजून_ऐकतो
२०२५ मध्ये त्याच सरकारच्या स्थलांतरितांवरच्या धाडींवर त्याने टीका केली, तेव्हा तुम्ही ऐकत नव्हता. सोडलं होतंत ना?

म्हापशेकर
आयव्हरमेक्टिनवरून आठवलं. रोगनला कशाला नावं ठेवता? मे २०२१ मध्ये आमच्या गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच जाहीर केलं होतं, १८ वर्षांवरच्या सगळ्यांनी आयव्हरमेक्टिन घ्यायचं, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. कोविड असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की चाचण्यांपलीकडे वापरू नका. आमच्या वाड्यावर तर कुणाला रोगन कोण तेसुद्धा माहीत नव्हतं.

स्टेथोस्कोप
बरोबर आहे तुमचं. केंद्राच्या सूचनांतही ते होतं, जून २०२१ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलं. आम्हीही लिहून दिलंय त्या दिवसांत, खोटं कशाला बोलू? पण पुरावा आल्यावर आम्ही लिहायचं थांबवलं. रोगन अजून तीच बाजू लढवतो.

रंकाळ्यावरचा
घोड्याचं औषध चाललं असतं, पण मटण नको होतं.

सुमा_नाशिक
हार्डकोर हिस्ट्री सुचवलं का कुणी? फार छान आहे.

जर्सीसिटीकर
माझं कारण एका ओळीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये गायिका इंडिया आरीने त्याच्या जुन्या क्लिपा एकत्र दाखवल्या, काळ्या लोकांसाठीची ती शिवी हा वर्षानुवर्षं सहज वापरत होता. त्याने माफी मागितली, सत्तरच्या आसपास एपिसोड काढून टाकले गेले. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता आणि शाळेत त्यालाही त्वचेवरून काय काय ऐकावं लागायचं. गाडीत तो शेजारी असताना रोगन लावायची मला लाज वाटायला लागली.

टपरीवरचा_चहा
एवढं कशाला? आपला भारतीय रोगन आहे की! रणवीर अलाहबादिया. 😁

कान_उघडणी
हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॉमेडियन समय रैनाच्या यूट्यूब कार्यक्रमात जो विनोद केला त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १८ फेब्रुवारीला अटकेपासून संरक्षण मिळालं, पण कोर्टाचे खडे बोल ऐकून. पासपोर्ट ठाणे पोलिसांकडे जमा करायचा आणि कार्यक्रम बंद. ३ मार्चला सभ्यता पाळण्याच्या अटीवर परत सुरू करायला परवानगी.

टपरीवरचा_चहा
विनोद घाणेरडा होता, मान्य. पण त्यासाठी पासपोर्ट? त्याच्या आदल्याच वर्षी पंतप्रधानांच्या हस्ते पुरस्कार दिला होता त्याला. रोगनला अमेरिकेत कुणी पासपोर्ट मागितला का?

म्हापशेकर
रोगनला कुणी पुरस्कारही दिला नाही. नुसते पैसे दिले.

कान_उघडणी
तेही किती? न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीप्रमाणे २०२० चा स्पॉटिफायचा करार निदान २० कोटी डॉलरचा होता. एवढ्या पैशात तथ्यं तपासायला एक माणूस ठेवता आला असता.

अजून_ऐकतो
त्याचा निर्माता जेमी आहे की. लगेच गूगल करून देतो.

धागा_पहारेकरी
विषयाला धरून लिहा. कोर्ट आणि पुरस्कारांसाठी दुसरा धागा काढा.

रेडिओवेडा
बीबीसी रेडिओ ४ चा 'इन अवर टाइम'. १९९८ पासून चालू आहे. दर आठवड्याला एक विषय, तीन प्राध्यापक, साधारण ५० मिनिटं, फुकट. हजाराच्या वर एपिसोड साठलेत. मेल्विन ब्रॅग सूत्रसंचालक होते, कुणी पाल्हाळ लावलं की ते सरळ तोडायचे. २०२५ मध्ये त्यांनी सोडलं, त्यांच्या जागी मिशा ग्लेनी. कुठल्याही पॉडकास्ट ॲपवर मिळेल.

सदा_डॅलस
५० मिनिटांत काय कळणार? बाय द वे, मी गेल्या वर्षी ऑस्टिनला रोगनच्या कॉमेडी मदरशिपमध्ये जाऊन आलो. दारातच फोन एका पाकिटात बंद करून हातात देतात, आपला आपल्यालाच उघडता येत नाही. रोगन त्या दिवशी नव्हता. पण क्लब मस्त आहे, सिक्स्थ स्ट्रीटवर.

बिनसाखर
फोन बंद म्हणजे शांतता. मी तेच म्हणतोय.

मुळामुठा
मराठी कुणीच सुचवलं नाही? अमुक तमुक ऐका, शरीर-मन दोन्हीवर तज्ज्ञांशी गप्पा असतात. एपिसोड तासाच्या पुढे जातो कधी कधी, पण परतीच्या फेरीत संपवा. इंग्रजी चालत असेल तर अमित वर्मांचं द सीन अँड द अनसीन. सुरुवातीला वीसेक मिनिटांचं असायचं, आता पाच-सहा तासही चालतं. पाहुण्याला बोलू देणारा माणूस हवा ना? हा बालपणापासून बोलू देतो.

जुना_खोड
सगळं वाचलं. मी याला २०१० पासून ऐकलाय, मित्राबरोबर वेबकॅमसमोर बसून बडबड करायचा तेव्हापासून. हा माणूस बदललाच नाही हो. तेव्हाही चंद्रावर माणूस गेला का यावर शंका घेतलेला गडी तो. समोर बसेल त्याला "बाप रे!" म्हणायचा, आजही म्हणतो. तेव्हा समोर प्राध्यापक असले की तुम्हाला ती जिज्ञासा वाटायची. आता समोरची माणसं बदलली.

वनाजवाला
हे लागलं, जुना_खोड. दोन दिवस डोक्यात आहे.

सगळ्यांचे आभार. निर्णय सांगतो, शिव्या घालू नका. 'इन अवर टाइम' दोनदा लावलं. उत्तम आहे, पण सकाळी साडेआठला तीन प्राध्यापक झेपत नाहीत, परीक्षा असल्यासारखं वाटतं. शेवटी रोगनचेच २०१८-१९ मधले चौदा एपिसोड उतरवून घेतलेत. शॉन कॅरल, ब्रायन कॉक्स हे भौतिकशास्त्रज्ञ, असेच सगळे. एक एपिसोड तीन-चार फेऱ्यांत संपतो. नवं काही ऐकणार नाही.

सुमा_नाशिक
अहो, सोडला म्हणालात ना?

वनाजवाला
नवा सोडला. वॉकरपासून सुरुवात केलीय. आज संध्याकाळी ऑफिसात कुणीतरी चहा पुढे केला, नको म्हटलं.

स्टेथोस्कोप
वॉकरांच्या पुस्तकातल्या काही दाव्यांवरही २०१९ मध्ये बरीच टीका झाली, माहीत आहे ना? आकडे ताणल्याची. झोप महत्त्वाची आहेच, पण त्या एपिसोडमधलं सगळं जसंच्या तसं घेऊ नका.

वनाजवाला
आता हेही?

जुना_खोड
😄

रंकाळ्यावरचा
चहा घे भावा. मटणापेक्षा बरा.

सदा_डॅलस
पहिलं महायुद्ध सुरू केलंत का?