मदत हवी आहे: इंदूर–पुणे विमान, चौघांचं बुकिंग दोनात तोडावं का?

मंडळी, एका प्रवाशासाठी शोधलं तर ४,८०० दाखवतंय, चौघांसाठी शोधलं की माणशी ५,६००. कारण उघड आहे: स्वस्त भाडेगटात (सीट त्याच, फक्त दर वेगळा) चारपेक्षा कमी जागा उरल्या की सिस्टीम चौघांनाही वरच्या गटाचं भाडं लावते. (ब्राउझरच्या कुकीज पुसून भाडं कमी होत नाही, तो निव्वळ टाइमपास.) दोन प्रवासी टाकल्यावर ४,८००च येतंय, म्हणजे २+२ केलं तर पहिल्या दोघांचे मिळून १,६०० वाचतात. कन्व्हिनियन्स फी बुकिंगमागे असेल तर तेवढी वजा. अडचण पीएनआरची (बुकिंग क्रमांक): दोन बुकिंग म्हणजे दोन वेगळे पीएनआर. कंपनीने वेळ बदलली तर निम्मे सकाळच्या विमानात, निम्मे रात्रीच्या! आई व्हीलचेअरवाली. विमान कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर जोडून मिळतात का? कुणी करून घेतलंय?